भोपाळचा नळ आणि आपला अर्ज

पंधरवड्यापूर्वी सीमेलगतच्या एका खेड्यातील एक वृद्ध गृहस्थ आमच्या कचेरीची पायरी चढून आले. डोक्याला पटका, अंगात धुवट सदरा आणि हातात चार घड्यांचा कागद. गावच्या फलकावर आठ दिवसांपूर्वी एक नोटीस लागली होती. ती तेथून काढून आणणे त्यांना प्रशस्त वाटले नाही, म्हणून शेजारच्या मुलाकडून मोबाइलवर तिचे छायाचित्र काढवून, तालुक्याच्या ठिकाणी पैसे मोजून त्याची छापील प्रत घेऊन ते आले होते. ‘हे काय लिवलंय तेवढं बघा की, साहेब,’ एवढेच म्हणाले. नोटीस कन्नडमध्ये होती. आमच्या कन्नड जाणणाऱ्या सहकाऱ्याने ती वाचली आणि तो क्षणभर गप्पच झाला. गावातील दोन कूपनलिकांचे पाणी तपासणीत पिण्यास अयोग्य ठरले असून पुढील सूचना मिळेपर्यंत ते पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी वापरू नये, असा त्या नोटिशीचा आशय होता. आजोबांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. ‘आठ दिस आम्ही त्येच पितोय की ओ!’

गावात कन्नड वाचणारे कोणीच नाही, असे नव्हे. येथील मराठी शाळांतही कन्नड शिकवले जाते आणि या आजोबांचा नातू ते फाडफाड वाचतो. पण नातू गोव्यात कामाला आहे. तरणी पोरे पोटामागे गेल्यावर गावात उरतात ती म्हातारी माणसे, शाळकरी पोरे आणि चंदगड, आजरा, गडहिंग्लज या बाजूंहून लग्न होऊन आलेल्या सुना. या सुनांचे सारे शिक्षण महाराष्ट्रात झालेले. कन्नडचे अक्षर त्यांनी कधी गिरवलेले नाही. आणि बोअरवर घागर घेऊन उभी राहते ती हीच सून. म्हणजे ज्या एका व्यक्तीला ती नोटीस कळणे सर्वांत अगत्याचे होते, नेमकी तीच ती वाचू शकत नव्हती. नोटीस लावणाऱ्या कारकुनाने कायद्याचा कोणताही भंग केला, असे आम्ही म्हणत नाही. त्याने राज्याच्या राजभाषेत नोटीस काढली, फलकावर लावली, सही-शिक्का केला. कागद पुरा झाला. घागरीपर्यंत मात्र तो पोहोचला नाही.

सुदैवाने गावात कोणी दगावले नाही. पोटाच्या तक्रारी झाल्या, त्या उन्हाच्या नावावर गेल्या. एवढ्याशा गोष्टीवर अग्रलेख कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ती नोटीस वाचल्यापासून आमच्या डोळ्यांपुढे एक शहर सारखे येत आहे. ते शहर म्हणजे भोपाळ.

सीमाप्रश्नात भोपाळ कोठून आले, हा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. एक धागा तर तारखेचाच आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख म्हैसूर राज्यात ढकलला गेला. त्याच दिवशी नागपूरचे राजधानीपण जाऊन भोपाळ ही नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाली आणि मुलताई, सौंसर, पांढुर्णा, बऱ्हाणपूर या भागांतील मराठी माणसाची दाद मागण्याची जागा कायमची भोपाळला गेली. म्हणजे आपली आणि त्यांची गाऱ्हाणी एकाच पहाटे परक्या दरबारात गेली. पण आम्हाला आज सांगायची आहे ती गोष्ट या मराठी भागाची नाही. ती खुद्द भोपाळ शहरातील आहे, आणि ती नगरपालिकेकडे, सरकारकडे गाऱ्हाणे घेऊन जाणाऱ्या साध्या माणसांची आहे.

भोपाळचा वायुकांड म्हटला की आपल्याला २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली रात्र आठवते. परंतु त्या रात्रीआधी जवळजवळ दहा वर्षे तक्रारी चालू होत्या, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. युनियन कार्बाइडचा कीटकनाशकांचा कारखाना भोपाळच्या उत्तर अंगाला, रेल्वे स्थानकापासून हाकेच्या अंतरावर, १९६९ मध्ये सुरू झाला. भोवती वस्ती वाढत होती. १९७५ च्या सुमारास महापालिकेचा कारभार पाहणारे सनदी अधिकारी एम. एन. बुच यांनी हा कारखाना वस्तीतून दूर हलवावा, असे कंपनीला सुचवले. कारखाना जागेवर राहिला. बुच यांची मात्र बदली झाली. १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जीन वायूची गळती होऊन एक कामगार मरण पावला. त्यानंतर राजकुमार केसवानी नावाच्या तरुण पत्रकाराने या कारखान्याचा पाठपुरावा सुरू केला. त्यांचे ‘रपट’ हे साप्ताहिक होते केवढे? आमच्यासारख्या जिल्हा दैनिकापेक्षाही लहान. १९८२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांनी ओळीने लेख लिहून, हे शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसले आहे, असे सांगितले. ते लेख सोप्या हिंदीत होते. भोपाळमधील रिक्षावाल्यालाही कळतील असे होते. १९८३ च्या मार्चमध्ये एका स्थानिक वकिलाने कंपनीला नोटीस दिली. आरोप निराधार आहेत, असे उत्तर आले. विधानसभेत प्रश्न निघाला तेव्हा मंत्रिमहोदयांनी सांगितले, की कारखाना म्हणजे काही उचलून दुसरीकडे ठेवायचा दगड नव्हे, आणि भोपाळला कसलाही धोका नाही.

या साऱ्या अर्ज-विनंत्यांची भाषा हिंदी होती. ती राज्याची राजभाषा होती, अर्जदाराची भाषा होती आणि मंत्र्यांचीही भाषा होती. मध्ये दुभाषा लागत नव्हता. तरीही ऐकले कोणी नाही. हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत. आपल्याकडे असा एक समज रुजला आहे, की मराठीत अर्ज घेतला गेला की सगळे प्रश्न सुटतील. ते तसे नाही. स्वभाषेतला अर्ज ही पहिली पायरी आहे. ती चढल्यावर वर दार उघडेलच असे नाही. पण ज्याला पहिली पायरीच नाही, त्याने दाराचा विचार करायचा कसा?

आता कारखान्याच्या भिंतीआड काय होते ते पाहा. तेथे यंत्रे चालवण्याच्या, धोका उद्भवल्यास काय करावे याच्या सूचनापुस्तिका इंग्रजीत होत्या. पाळीवर काम करणाऱ्या कामगारांपैकी अनेकांना इंग्रजी धड वाचता येत नव्हते. विषारी मिथाइल आयसोसायनेट टाकीत साठवलेले, आणि ते कसे हाताळावे हे लिहिलेला कागद अशा भाषेत, की जी हाताळणाऱ्याला परकी! दुर्घटनेला हे एकच कारण नव्हते. बंद पडलेले शीतकरण, नादुरुस्त सुरक्षायंत्रणा, काटकसरीपायी कमी केलेली माणसे ही मोठी कारणे होतीच. परंतु भाषेचे कारण त्या यादीत आहे आणि ते कोणी खोडलेले नाही. भिंतीबाहेरच्या लोकांना तर कोणत्याच भाषेत काही सांगितलेले नव्हते. वायू आला तर वाऱ्याच्या दिशेने पळू नये, तोंडावर ओले फडके धरावे, एवढी साधी सूचना कारखान्यासमोरच्या जयप्रकाश नगरातील घरांना आधी मिळाली असती तर त्या रात्री कित्येक जीव वाचले असते. भोंगा वाजला आणि लवकरच बंद झाला. माणसे उठली ती खोकत, डोळे चोळत, आणि वायू जिकडे जात होता तिकडेच पळत सुटली.

मृतांचा आकडा अजून वादाचा आहे. राज्य सरकारने एकेकाळी ३,७८७ मृत्यू मान्य केले. नुकसानभरपाईच्या निवाड्यांत तो आकडा पाच हजारांच्या पुढे गेला, आणि पीडितांच्या संघटना याच्या कितीतरी पट सांगतात. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी ४७ कोटी डॉलरवर समझोता झाला. पीडितांना विचारले कोणी? वाढीव भरपाईसाठी केंद्राने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. न्यायालयाच्या या इतिहासावर ग्रंथ झाले आहेत. आम्हाला त्यापेक्षा नळाची गोष्ट अधिक मोलाची वाटते.

कारखाना बंद पडला, पण त्याने जमिनीत आणि तळ्यांत टाकलेली घाण तेथेच राहिली. भोवतालच्या वस्त्यांतील हातपंपाच्या पाण्याला वास येऊ लागला. तलावांचे शहर म्हणून भोपाळची ख्याती. भोजराजाच्या नावाने ओळखला जाणारा बडा तलाव शहराची तहान भागवतो. पण गरिबांच्या या वस्त्यांत नळ नव्हता, हातपंप होता. १९९९ मध्ये ग्रीनपीस संस्थेने तेथील माती-पाणी तपासले आणि त्यात पारा व घातक सेंद्रिय रसायने असल्याचे जाहीर केले. सरकारी खात्याने हातपंप लाल रंगाने रंगवले आणि पाणी पिण्यास योग्य नाही, असे त्यांवर लिहिले. येथे सूचना हिंदीत होती हे खरे. पण दुसरे पाणी कोठे होते? लाल पंपाचेच पाणी माणसे पीत राहिली. आणि ज्याला अक्षर येत नव्हते त्याला निदान लाल रंग तरी कळत होता. आमच्या आजोबांच्या गावातील बोअरवर कोणी लाल रंगाचा एक पट्टासुद्धा ओढला नव्हता.

या वस्त्यांतील बायांनी मग काय केले? त्या अर्ज करीत राहिल्या. महापालिकेकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे, मंत्र्यांकडे. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ल या दोघी, एक मुसलमान, एक हिंदू, वायुपीडित स्त्रियांसाठी काढलेल्या लेखनसामग्रीच्या कारखान्यात कामाला होत्या. सरकार दप्तरी ज्या कागदांवर गाऱ्हाणी नोंदवते तसले कागद-वह्या त्यांच्या हाताखालून जात होते! पुरेशी मजुरी मिळावी म्हणून १९८९ मध्ये त्या आपल्या सहकारी बायांसह भोपाळहून दिल्लीपर्यंत चालत गेल्या. साडेसातशे किलोमीटरची ही वाट पोरेबाळे कडेवर घेऊन तुडवलेली आहे. पुढे २००४ मध्ये या दोघींना जगप्रसिद्ध गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. दुसरीकडे अब्दुल जब्बार यांची महिला उद्योग संघटना होती. शहाजहानी बागेत दर शनिवारी तिची सभा भरे. एक शनिवार नाही, दोन नाही, वर्षानुवर्षे. कोणाची भरपाई अडली, कोणाला औषध मिळाले नाही, कोणाच्या गल्लीत टँकर आला नाही, हे तेथे उभ्या-उभ्या सांगितले जाई, त्यांच्याच बोलीत, आणि त्याचा पुढे अर्ज होई. जब्बारभाई १४ नोव्हेंबर २०१९ रोजी गेले. त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली ती २०२० मध्ये. जिवंतपणी त्यांच्या औषधपाण्याचीही आबाळच होती, हे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो.

२००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना स्वच्छ पिण्याचे पाणी पुरवण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. आदेश झाला म्हणजे पाणी आले, असे समजणारा भोळा वाचक सीमाभागात तरी नसेल! २००६ मध्ये पीडित पुन्हा दिल्लीपर्यंत चालत गेले, २००८ मध्ये पुन्हा गेले. कोलार धरणाचे पाणी या वस्त्यांत नळाने आले ते असे टप्प्याटप्प्याने, एकेक गल्लीची तक्रार एकेक वेळा लावून धरल्यावर. कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा तर २०२५ च्या जानेवारीत, मध्यप्रदेश उच्च न्यायालयाने खडसावल्यावर, पिथमपूरला हलवण्यात आला. म्हणजे ४० वर्षांनी! तेव्हा पिथमपूरच्या लोकांनी, हा कचरा आमच्या गावात का, म्हणून रस्त्यावर येऊन विचारले. त्यांचेही गाऱ्हाणे गैर कसे म्हणावे? जमिनीखालचे पाणी बिघडवणारी माती मात्र अजून भोपाळातच आहे.

याच मध्यप्रदेशाने एक चांगली गोष्टही केली आहे, ती नोंदवली पाहिजे. ठरावीक सरकारी सेवा ठरावीक दिवसांत मिळालीच पाहिजे, असा लोकसेवा हमीचा कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य. कायदा २०१० चा. अर्ज दिला की पावती मिळते, पावतीवर मुदत असते. मुदत उलटली तर संबंधित अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपयांप्रमाणे ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दर मंगळवारी जनसुनावणी असते. मुख्यमंत्र्यांच्या मदतवाहिनीचा १८१ हा क्रमांक २०१४ पासून आहे. त्यावर नोंदवलेली तक्रार खालच्या अधिकाऱ्याने सोडवली नाही तर ती आपोआप वरच्या पायरीवर जाते. अशा चार पायऱ्या आहेत. कागदावर ही व्यवस्था उत्तम आहे. प्रत्यक्षात तक्रार न सोडवताच ‘बंद’ करण्याची कलाही तेथील कर्मचाऱ्यांनी आत्मसात केली आहे, असे तेथील लोक सांगतात. शेवटी माणूस तोच. पण निदान अर्जदाराला एक क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक त्याला वाचता येतो.

हाच मुद्दा पांढुर्ण्याच्या मराठी शेतकऱ्याला आणि खानापूरच्या मराठी शेतकऱ्याला वेगळे करतो. पांढुर्ण्याच्या माणसालाही भोपाळकडून हिंदी कागद येतो. त्याच्या मातृभाषेची उपेक्षा तेथेही होते, आणि तीवर स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. परंतु लिपी एकच असल्याने तो कागद अक्षर-अक्षर लावून वाचू शकतो. आपल्याकडे कागद उघडला की पहिल्या अक्षरापाशीच थांबावे लागते. उताऱ्यावर आपले नाव बरोबर लिहिले आहे की नाही, हेसुद्धा दुसऱ्याला विचारावे लागते. आणि हा ‘दुसरा’ कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेला असतो. तो वाचण्याचे पैसे घेतो, लिहिण्याचे घेतो आणि आत नेऊन देण्याचेही घेतो.

कायदा काय म्हणतो? घटनेचे ३५० वे कलम सांगते, की कोणत्याही गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे वा प्राधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अर्ज करण्याचा प्रत्येक व्यक्तीला हक्क आहे. शब्द पुरेसे स्पष्ट आहेत. परंतु अर्ज त्या भाषेत घ्यावा म्हटले आहे; उत्तर त्याच भाषेत द्यावे, असे म्हटलेले नाही. पंचायत-पालिकेचा नावानिशी उल्लेख नाही, ही दुसरी पळवाट. भाषावार प्रांतरचनेनंतर १९५६ मध्येच घटनेत कलम घालून भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमण्यात आले. त्यांचे एक विभागीय कार्यालय बेळगावात होते. तेही येथून हलले. १९६१ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरले, की ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ ते २० टक्के असेल तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषिक सुमारे १८ टक्के आहेत. खानापूर तालुक्यात किंवा सीमेलगतच्या एकेका खेड्यात हे प्रमाण किती, हे आम्ही आमच्या वाचकांना सांगायला नको. तेव्हा पाण्याची नोटीस मराठीतही लावा, ही मागणी दयेची नाही. ती १९६१ मध्ये मान्य झालेली गोष्ट आहे.

मात्र हे मागताना आपले हात स्वच्छ हवेत. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीच्या खाली उर्दूतही नाव होते. ते काढावे म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने सांगितले, की नगरपरिषद ही स्थानिक लोकांच्या रोजच्या गरजा भागवण्यासाठी असते आणि तेथील लोकांना एखादी भाषा कळत असेल तर राजभाषेबरोबर ती वापरण्यास हरकत असू नये. आपल्यातील काहींना हा निकाल रुचला नाही. आम्ही त्यांना विचारतो, पातूरला नको असलेला न्याय आपण बेळगावला कोणत्या तोंडाने मागणार? तीच गोष्ट जत आणि अक्कलकोट तालुक्यांची. तेथील कन्नड भाषिक गावांना महाराष्ट्राने कन्नडमध्ये कागद द्यावा. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी जतच्या ४० गावांच्या जुन्या ठरावांचा हवाला दिला तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! पण ते ठराव मुळात झाले कशापायी? पाण्यापायी. वर्षानुवर्षे पाणी मागून थकलेल्या गावांनी शेवटी, मग आम्ही तिकडेच जातो, म्हटले. त्यानंतरच म्हैसाळ विस्तारित योजनेच्या फायली वेगाने हलल्या. तहानलेल्या गावाला भाषा आणि राज्य दोन्ही नंतर आठवतात.

आणखी एक कडू बोल. बेळगाव महापालिकेत मराठी भाषिकांची सत्ता अनेक वर्षे होती. २००५ मध्ये महापालिकेने महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला, त्यापायी महापौरांच्या तोंडाला बंगळूरमध्ये काळे फासले गेले आणि महापालिका बरखास्त झाली. २०११ मध्ये ती पुन्हा बरखास्त झाली. हा अन्याय आम्ही विसरलेलो नाही. परंतु त्या सत्तेच्या वर्षांत गटारी वेळेवर उपसल्या जात होत्या का, मराठी माणसाचा मराठी अर्ज मराठी नगरसेवकाच्या टेबलावर किती दिवस पडून राहत होता, हेही कोणी लिहून ठेवले पाहिजे. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करायला आपण हजारोंनी जमतो, १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो. आणि दर शनिवारी? जब्बारभाईंच्या बागेसारखी एखादी जागा आपल्या तालुक्यात आहे का, की जेथे एखादी सून उठून ‘आमच्या बोअरचं पाणी गढूळ येतंय’ म्हणू शकेल आणि कोणीतरी ते लिहून घेऊन पुढच्या शनिवारी त्याचे काय झाले ते सांगेल? आमच्या माहितीत तरी नाही.

कर्नाटकातही सेवाहमीचा ‘सकाल’ कायदा २०११ पासून आहे. अर्ज घेतल्यावर १५ अंकी क्रमांकाची पोच देणे बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास दिवसाला २० रुपयांप्रमाणे ५०० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. आपल्यापैकी किती जणांनी ती पोच मागून घेतली? ‘उद्या या’ म्हटले की आपण मुकाट्याने उद्या जातो. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात तर एक गमतीची तरतूद आहे. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. म्हणजे खानापूरच्या शेतकऱ्याला मराठीत माहिती मागण्याचा हक्क हा कायदा देत नाही, पण हिंदीत मागण्याचा देतो! मोडक्यातोडक्या हिंदीत, देवनागरी अक्षरांत लिहिलेला अर्ज फेटाळता येत नाही. शिवाय ज्याला लिहिता येत नाही त्याला लिहून घेण्यास मदत करणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. आणि माहिती एखाद्याच्या जीविताशी निगडित असेल तर ती ३० दिवसांत नव्हे, ४८ तासांत द्यावी लागते. कर्नाटकातील नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, एवढे लक्षात ठेवावे. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात माहिती प्रसिद्ध करताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असेही म्हटले आहे. स्थानिक भाषा म्हणजे कोणती, हे बोअरवर जमलेल्या बायांना विचारले तर त्या सांगतील.

आजोबा त्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या कचेरीत बसले. आम्ही दोन कागद केले. पहिला मराठीत, ३५० व्या कलमाचा उल्लेख करून: ही नोटीस मराठीतही लावावी, दोन्ही बोअर लाल रंगवावे आणि दुसऱ्या पाण्याची सोय करावी. सोबत कन्नड भाषांतर जोडले, कारण आम्हाला भांडण नको, पाणी हवे आहे. दुसरा कागद हिंदीत, माहिती अधिकाराखाली: पाण्याचा तपासणी अहवाल केव्हा आला, त्यात काय आढळले आणि नोटीस लागेपर्यंत मध्ये किती दिवस गेले. १० रुपये शुल्क आजोबांनी स्वतःच्या कनवटीचे काढून दिले. आमचे घ्यायला ते तयार नव्हते. निघताना त्यांनी मराठी अर्जाची आणखी एक प्रत मागितली. ती कोणासाठी, असे विचारले तेव्हा म्हणाले, ‘सुनंला वाचून दावतो.’

दोन्ही अर्ज दुसऱ्या दिवशी दाखल झाले. मराठी अर्जावर शिक्का मारायला कारकुनाने आधी खळखळ केली, मग मारला. ४८ तास केव्हाच उलटले आहेत. उत्तर आले नाही, पण परवा गावातून निरोप आला, की एका बोअरला लाल पट्टा लागला आहे. दुसरा अजून तसाच आहे. उत्तर आले की ते जसे येईल तसे, ज्या भाषेत येईल त्या भाषेत, आम्ही याच पानावर छापू.